खल भिवंडीत, बत्ता सोलापुरात

आम्ही राहतो जुळे सोलापुरात आणि आमची भाकरीची काठवट राहते शुक्रवार पेठेत, मौलाचाचांच्या पत्र्याच्या खोलीत. हे ऐकलं की नवीन माणूस आमच्याकडे जरा संशयानेच बघतो. बघेना का! पेठेतल्या आमच्या जुन्या बोळातून जो जो उठून गेला, त्याची एकेक वस्तू त्या खोलीत आहे. ती तिथे का आहे हे सांगायचं तर आधी मौलाचाचा सांगावे लागतात.

चाचांचा धंदा टेम्पोचा. घरसामान हलवायचं असलं की अख्ख्या पेठेत त्यांनाच हाक जायची. बाबांनी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तेव्हा अर्थातच चाचाच आले. कपाट चढलं, पलंग चढले, गाद्या चढल्या, दोर आवळून झाले. आई टॉवेलने तोंड पुसत रिक्षाकडे निघाली, तरी चाचा गाडीत बसेनात. बंद दारासमोर कमरेवर हात ठेवून उभे.

"भाभी, एक नग काढा."

"कसला नग?"

"कसला बी. हितं ठेवून जायचा."

"अहो मौलाभाई, आम्ही काय मुलूख सोडून चाललोय का? जुळे सोलापूर ते! भाजी आणायला इथेच येणार मी."

"बोळ सोडला की परगावच ते. काढा."

चाचा कुणाकुणाकडून असं काहीतरी ठेवून घेतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण ते लांब जाणाऱ्यांसाठी, अशी आईची समजूत. तिने चिडून हाताला लागली ती भोकं पडलेली चाळण काढून दिली. चाचांनी ती उन्हात धरली आणि तिच्यातून आईकडे पाहिलं.

"भाभी, ह्यातनं तर तुमी बी गळून जाताल. मोडकं ठेवणारा माणूस परत येत न्हाय. जे न्हाय म्हणून रोज हात अडंल, ते ठेवायचं असतंय."

"मग माझी काठवटच ठेवा की!" आई कडाडली.

ती रागाने बोलली होती. चाचांनी मात्र शब्द खाली पडू दिला नाही. पोत्यातून काठवट उपसली, काखेत मारली आणि चालू लागले. आजीच्या हातची, गुळगुळीत झालेली ती लाकडी काठवट. आई बघतच राहिली. नव्या घरात परातीत भाकरी थापताना ती कडेला फाटली की आई हमखास म्हणायची, "त्या मौलाभाईचं कल्याण होवो." आणि दर रविवारी रिक्षा करून शुक्रवार पेठेत जायची. विचारलं तर म्हणायची, काठवट बघून येते. चार घरी चहा व्हायचा, कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न कळायचं, मग येताना काठवटीवरून एकदा हात फिरवून यायची. चाचांना नेमकं हेच हवं होतं, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

उंच, काटकुळा माणूस. पांढरी आखूड दाढी, खांद्यावर कायम टॉवेल, आणि तोही आमच्याच बोळात विणलेला. दुसरीकडचा टॉवेल कुणी भेट दिला तर तो गाडी पुसायला. बोलणं तिखट. निघताना बायका रडायला लागल्या की म्हणायचे, "काय रडायचं ते आत्ता रडून घ्या. गाडीत रडायचं न्हाय, दोर ओले व्हत्यात." चूल आणि चहाची भांडी ते सगळ्यात शेवटी चढवायचे, म्हणजे उतरताना आधी निघतील. "पोचल्या पोचल्या चा झाला पायजे. चा झाला की घर झालं," असं म्हणायचे. आणि खरंच, नव्या जागी पहिला चहा ते स्वतः करायचे, बशीत ओतून घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचे, मग बाकीचं सामान.

टेम्पोच्या मागे लोक काय काय लिहून घेतात. चाचांच्या टेम्पोवर एकच शब्द होता, ठसठशीत पिवळ्या अक्षरात: सोलापूर. मी एकदा विचारलं, एवढंच का? तर म्हणाले, "कुटं चाललो ते लोकान्ला काय करायचंय? कुठनं आलो ते कळालं म्हंजे झालं."

मी लहान होते तेव्हा आमच्या बोळात दिवसा बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं. दोन्ही बाजूंना टॉवेलचे कारखाने. घराला लागून कारखाना, कारखान्याला लागून घर. मागांचा खडखडाट सकाळी सुरू झाला की थांबायचा नाही. पाहुण्यांचं डोकं उठायचं आणि आम्हाला पाहुण्यांच्या गावी शांततेत झोप लागायची नाही. मग सूत महागलं, विजेची बिलं फुगली, बाहेरच्या ऑर्डरी आटल्या. दोन पाळ्यांची एक झाली, रोजचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं आणि एका सोमवारी कामगार गेले तर दाराला कुलूप. पुढे एकेका कारखान्यातून माग बाहेर निघाले ते भंगारवाल्याच्या गाडीत चढायलाच. बोळात चिमण्या ऐकू यायला लागल्या. मला तो आवाज मुळीच आवडला नाही.

मग माणसं निघाली. कुणी पुण्याला वॉचमन म्हणून, कुणी हैदराबादला, मागावर हात बसलेले बरेचसे भिवंडीला. चाचांच्या टेम्पोला उसंत राहिली नाही. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "चाचा, तुमची चांदी हाय बाबा." चाचांनी हातातली बशी खाली ठेवली.

"माझी गाडी भरती तवा पेठ रिकामी व्हती, दिसतंय का तुला? आग लागू दे असल्या धंद्याला."

तेव्हापासून एकेक नग ठेवून घेण्याचा त्यांचा हट्ट जास्तच वाढला, आणि त्याच्या जोडीला एक नियम आला. जाण्याचं भाडं रोख घ्यायचं, घासाघीस चालणार नाही. पण कायमचं परत यायचं असेल तर फक्त फोन करायचा. परतीचं भाडं नाही. डिझेलसुद्धा चाचांचं. लोक हसायचे. परत कोण येतंय, असं त्यांना वाटायचं.

हे सगळं कशासाठी, ते आईने एकदा त्यांच्या तोंडून काढलं. चाचा मूळचे वैरागकडच्या एका खेड्यातले. दुष्काळात हाताला काम उरलं नाही तेव्हा त्यांचे वडील सगळं घेऊन सोलापूरला आले. सगळं म्हणजे सगळं, चुलीच्या विटासुद्धा. पोरसवदा वयात आलेले चाचा मोठे झाल्यावर एकदा गावी गेले. "कुणाचा कोण म्हणून लोक इचारत व्हते," ते म्हणाले. "कुणाच्या घरी आमचं एक पातेलं जरी राह्यलं असतं ना भाभी, तर ते घ्यायला आलो म्हणून सांगितलं असतं. बसाय मिळालं असतं. कायच न्हवतं. पाणी पिऊन फिरलो." एवढंच बोलले आणि गाडीचं चाक बघायला उठून गेले.

चाचांच्या समोरच्या घरात अंबादास आणि पद्मक्का राहायचे. अंबादास मागावर, पद्मक्का घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, बोळात मराठी, चाचांशी भांडताना दोन्ही. चाचांना ती मौलान्ना म्हणायची, म्हणजे मौला-अण्णा. तिची शेंगाची चटणी म्हणजे काय सांगावं! मोठ्या लोखंडी खलात शेंगदाणे, तिखट, लसूण घालून ती कुटायला बसली की तेल सुटेपर्यंत थांबायची नाही. कारखाना बंद पडल्यावर अंबादासने वर्षभर मिळेल ते काम केलं आणि शेवटी भिवंडीची वाट धरली.

नग म्हणून चाचांनी खलबत्ता मागितला. पद्मक्का म्हणाली, ठेवते, आत कोपऱ्यात आहे, नंतर घ्या. चाचांचा या बाईवर फार विश्वास. त्यांनी कधी नव्हे ते न बघता गाडी हाकली. भिवंडीला पोहोचून सामान उतरवताना गादीची गुंडाळी काही उचलेना. सोडली, तर आतून खलबत्ता निघाला, साडीत गुंडाळलेला, लेकरू झोपवावं तसा.

"पद्मक्का, ये क्या है?"

"मौलान्ना, मी तिकडं चटणी कशात कुटू? तुमच्या टोपीत?"

भर गल्लीत जुंपली. अंबादास बिचारा दोघांच्या मधे. चाचा म्हणाले, ठेवायचं म्हणजे ठेवायचं, सगळं घेऊन आलीस म्हणजे तुला परत यायचंच नाही. हे ऐकलं मात्र, इतका वेळ भांडणारी पद्मक्का रडायला लागली. तिला भिवंडीला यायचंच नव्हतं ना! चाचांचा आवाज खाली आला. त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा केला, तिला बशीत दिला. मग खलातून बत्ता उचलला आणि टॉवेलात गुंडाळला.

"खल तुझ्याकडं, बत्ता माझ्याकडं. आता कूट."

आणि तो बत्ता पुढच्या सीटवर शेजारी ठेवून ते भिवंडीहून सोलापूरला परत आले. पेठ हसून हसून मेली. अर्धा खलबत्ता ठेवून घेणारा माणूस जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. पद्मक्काने तिकडे मागाचा एक जुना लोखंडी तुकडा मिळवला आणि त्याने कुटायला लागली. पण फोनवर दर वेळी तक्रार ठरलेली: बत्त्याची सर नाही, हात दुखतो, चटणी ओबडधोबड होते. चाचा फोन कानापासून लांब धरून आम्हाला ऐकवायचे आणि खुश व्हायचे.

टेम्पो आधी त्या पत्र्याच्या खोलीतच उभा राहायचा. नग वाढले तसा तो बाहेर बोळात आला. आत पाळणा, कॅरम बोर्ड, शिलाई मशीन, पानाचा डबा, कुणाची तरी सायकल. एकाने देव्हारा काढून दिला होता. चाचांनी तो घेतला नाही. म्हणाले, "देवाला कशाला मागं ठेवतोस? त्याला ने संगं. तुझा रेडिओ दे." जुम्याची नमाज झाली की चाचा फडकं घेऊन आत शिरायचे आणि एकेक वस्तू पुसायचे. पुसताना तिच्या मालकाला शिव्या घालायचे. फोन करत न्हाय, पोरीचं लग्न कळवलं न्हाय, लई मोठा झाला. कुठलीच वस्तू कुणाची हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही.

लॉकडाऊनमध्ये माणसं परत आली. चालत आली, दुधाच्या गाडीत लपून आली. बोळात महिन्याभरात पुन्हा दिवे लागले. आम्हाला वाटलं चाचा आता खोली उघडून नाचतील. चाचा गंभीर. लोक भांडं मागायला आले की द्यायचे, पण वर बजावायचे, "वापराय देतोय. परत केलं न्हाय मी. तुमी राहायला आला न्हाय, पळून आलाय. पळून आलेल्याला पोटाला देत्यात, त्याची ठेव मोडत न्हाईत." मला तेव्हा ते बोलणं कठोर वाटलं. पण गाड्या सुरू झाल्या तशी माणसं खरंच परत गेली, आणि जाताना प्रत्येकाने आपापला नग आणून खोलीत ठेवला, कुणी न सांगता. अंबादास-पद्मक्काही गेले. बत्ता तिने स्वतः पुसून ठेवला होता.

पुढे चाचांच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, तरी डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. टेम्पो विकला. चाची आधीच गेलेली. एकुलता एक मुलगा सलीम पुण्यात गाडी चालवतो, बायको-पोरं तिकडेच. त्याचा जीव वर-खाली होत होता, आणि त्यात त्याचं काय चुकलं? एका रविवारी तो मित्राचा टेम्पो घेऊन आला, अब्बांना न्यायला. आई आणि मी काठवट बघायला गेलो होतो, त्यामुळे सगळं आमच्यासमोरच झालं.

"अब्बा, चलो अब," सलीम म्हणाला. "इथे तुम्हाला पडल्याझडल्याला कोण आहे? ही खोली भाड्याने देऊ. ज्याचं त्याला फोन करून सामान न्यायला सांगू. नाही आले तर..."

"तर काय?"

भंगारवाल्याची गाडी आम्ही सगळ्यांनीच पाहिलेली होती.

चाचा पायरीवर बसले. मग ते आईला म्हणाले, "भाभी, तुमची काठवट घेऊन जा."

आई उठली. मला वाटलं, आता रडते. पण ती माझीच आई! पदर खोचून म्हणाली, "मी नाही नेणार. परातीत मला आता छान भाकरी जमते. राहू द्या इथेच." साफ खोटं. आदल्याच दिवशी फाटलेल्या भाकरीचे तुकडे आम्ही कालवणात बुडवून खाल्ले होते. चाचांनी मान खाली घातली. सलीम खोलीचं दार उघडून आत गेला आणि नुसता उभा राहिला. एवढं सामान असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन आला म्हटलं तर गोष्टीत घातल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. फोन केला तो माझ्या आईने. तिने तिथेच उभ्याने पद्मक्काला लावला आणि सरळ सांगितलं, मौलाभाई चाललेत, तुझा बत्ता घेऊन जा. पलीकडून पद्मक्का एवढ्या मोठ्याने बोलायला लागली की सगळ्यांना ऐकू आलं. भिवंडीत ती विकायची ती चटणी तिकडच्या सोलापूरच्या माणसांना पुरेनाशी झाली होती. खोलीत विड्या वळणं सोडून ती आता फक्त कुटायचं काम करत होती. शेंगा इकडच्या, तिखट इकडचं, घर इकडे, आणि बसलीये तिकडे. अंबादासला पाळी झेपत नव्हती. दिवाळीनंतर परत यायचं त्यांचं ठरतच होतं, धीर होत नव्हता.

"मौलान्नाला सांगा, बत्ता कुणाला द्यायचा नाही. मी येते. राहायला येते. दिवाळी नको, आत्ता येते. पण त्यांचा टेम्पो कुठाय आता?"

चाचा उठून उभे राहिले. सलीमकडे पाहिलं. त्याच्यामागे त्याच्या मित्राचा रिकामा टेम्पो उभा होता, बापाचं घर न्यायला आणलेला.

"परतीचं भाडं घ्यायचं न्हाय हां," चाचा म्हणाले. "आपला नियम हाय."

सलीम बापाच्याच वळणाचा. किल्ली काढली आणि निघाला. चाचा शेजारच्या सीटवर, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला बत्ता. मी म्हटलं, "चाचा, बत्ता इथेच देता येईल की." तर म्हणाले, "वाटेत तिचा इचार बदलला तर दाखवाय लागंल."

तिसऱ्या दिवशी गाडी बोळात शिरली. अख्खी पेठ दारात. चूल आणि चहाची भांडी आधी उतरली. त्या दिवशी पहिला चहा चाचांनी केला, पद्मक्काच्या घरात, आणि तिने खल मधोमध ठेवून त्यात बत्ता घातला. लोखंडावर लोखंड वाजलं तेव्हा आई म्हणाली, "बाई, कसा आवाज आहे!" आणि डोळे पुसले. मला विचाराल तर मला आमच्या बोळाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. सरकारने काही केलं नव्हतं, कारखाने काही उघडले नव्हते. एका म्हाताऱ्याने एक बत्ता जपून ठेवला होता.

निघायच्या दिवशी सलीमने बापाला चल म्हणून काही म्हटलं नाही. बूट घालता घालता एवढंच विचारलं, "अब्बा, सगळ्यांकडून नग घेतला तुम्ही. मी पुण्याला गेलो, तेव्हा माझ्याकडून नाही घेतला. कैकू?"

"घेतला की."

"काय?"

"मला ठेवून गेलास न्हवं तू?" चाचा म्हणाले. "आता मलाच घेऊन जाशील, तर हितं परत कशाला येशील?"

सलीम बूट घालायचा थांबला. मग त्याने पायरीवर बसलेल्या बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. चाचांनी त्याच्या डोक्यावर टप्पल मारली, म्हणाले, "जा, उशीर होतोय, हायवेला ट्रक असत्यात." आता सलीम महिन्यातून एकदा येतोच. पोरांनाही आणतो. बोळात कुणी विचारलं तर हसत सांगतो, नग बघायला आलो.

परवाच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा चाचा दारात बसले होते. पद्मक्काच्या मदतीला आता बोळातल्या दोन बायका आहेत. कारखान्यातून बेकार झालेल्या कामगारांच्याच घरच्या. तीन खलांचा आवाज चालू होता. आईने खोलीत जाऊन काठवटीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन विचारलं, "देता का आता परत?"

"बोळात राहायला येताय?"

"नाही बाई."

"मग बघा आणि ठेवा जागेवर."

आई कुरकुरत रिक्षा बघायला गेली. मी त्यांच्या जवळ वाकून विचारलं, दिवसभर हे कुटणं ऐकून डोकं उठत नाही का? चाचांनी कानावर हात ठेवला. "काय?" ते ओरडून म्हणाले. "मोठ्यानं बोल बेटा. आमच्या बोळात हळू बोललेलं ऐकू येत न्हाय."